सोफिया ते कोप्रिव्श्तित्सा: पेत्को कारावेलोवसाठी घ्यावी अशी सहल

बल्गेरियाची राजधानी सोफियाहून कोप्रिव्श्तित्सा या डोंगरातल्या जुन्या गावाला सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. रंगवलेली जुनी घरं, १८७६ च्या, उस्मानी (तुर्की) सत्तेविरुद्धच्या एप्रिल उठावात जिथे पहिली गोळी सुटली तो लहानसा दगडी पूल, दुपारचं जेवण आणि परतीचा रस्ता, असा बहुतेकांचा बेत असतो. आम्ही घेतलेली सहल या सगळ्यांहून सरस ठरली ती तिच्या मार्गदर्शक बाईंमुळे. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंचा जीव पेत्को कारावेलोव या माणसात अडकलेला आहे. बल्गेरियाचा चार वेळा पंतप्रधान झालेला, दोनदा तुरुंगात गेलेला आणि आपल्याकडे कुणालाच ठाऊक नसलेला हा माणूस त्यांनी दिवसभरात आमच्यासमोर उभा केला. पाचपैकी चार तारे मी देतो ते बाईंना. पाचवा का राखून ठेवला, ते पुढे येईलच.

माझी नोकरी जिल्हा सहकारी बँकेत गेली, तीही बरीचशी कर्ज विभागात. मुलगी कामानिमित्त सोफियात असते म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. देश नवा दिसला की मी आधी त्याच्या नोटा पाहतो. पण बल्गेरियाचं लेव्ह हे चलन १ जानेवारी २०२६ पासून संपलं आणि युरो आला. १.९५५८३ लेव्हला एक युरो, असा ठरलेला दर. मुलीनं आठवण म्हणून वीस लेव्हची एक नोट जपून ठेवली होती. तिच्यावर स्तेफान स्तांबोलोव या पंतप्रधानाचं चित्र. सहलीची नोंदणी करताना मी बाईंना एवढंच विचारलं होतं, की लेव्ह सुरू झाला तेव्हा अर्थखातं कुणाकडे होतं. उत्तर आलं, पेत्को कारावेलोवकडे, आणि यायचंच असेल तर त्या नोटेसकट या. तिथेच मी पैसे भरले.

लहान बस होती, आम्ही मोजके आठ जण. बाईंचं इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना समजायला अजिबात जड जाणार नाही. सोफियापासून कोप्रिव्श्तित्सा साधारण ११० किलोमीटर. आगगाडी आहे, पण स्टेशन गावापासून बरंच लांब पडतं, त्यामुळे गाडीनं जाणंच सोयीचं. सोफिया मागे पडलं तसं बाईंनी बोलायला सुरुवात केली ती थेट १८७९ च्या फेब्रुवारीतल्या तर्नोवो शहरापासून.

रशिया-तुर्कस्तान युद्ध नुकतंच संपलेलं, जवळजवळ पाचशे वर्षांची उस्मानी सत्ता गेलेली, आणि नव्या देशाची घटना लिहायला प्रतिनिधी जमलेले. कारावेलोव तेव्हा पस्तिशीतला. मोठ्या भावाच्या मागोमाग मॉस्कोला गेलेला, तिथल्या विद्यापीठात शिकलेला, युद्धाच्या वेळी परतून रशियन हंगामी कारभारात काम केलेला. पुराणमतवादी गटाला वरचं सभागृह हवं होतं, म्हणजे शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या सभेवर मातब्बर लोकांचा लगाम राहील. उदारमतवाद्यांनी ते हाणून पाडलं. ज्या देशात सरदार-जहागीरदारच उरलेले नाहीत, तिथे हे सभागृह कोणासाठी, असा त्यांचा सवाल. कारावेलोव या वादात पुढच्या फळीत होता. घटना झाली ती एकाच सभागृहाची आणि प्रौढ पुरुषांना मताचा हक्क देणारी. त्या काळच्या युरोपात हे फार पुढचं पाऊल होतं.

हे ऐकताना खिडकीबाहेर स्रेद्ना गोरा डोंगर दिसायला लागले होते आणि गाडीतलं कुणी फोन बघत नव्हतं. सहलीच्या गाडीत असं क्वचितच होतं.

कोप्रिव्श्तित्सा हजार मीटरच्या वर आहे. मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागला. तोपोल्नित्सा नदीच्या काठानं पसरलेलं गाव, उंच दगडी कुंपणं, जाड लाकडी दरवाजे, आत अंगण आणि अंगणात निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरं. इथले लोक गुरामेंढ्यांच्या व्यापारात आणि लोकरी कापडात पैसा मिळवत. कारावेलोव बंधूंचे वडीलही गुरांचे व्यापारीच. त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे: १८१० चं हिवाळी घर, १८३५ चं उन्हाळी घर आणि सोबतची कामाची इमारत. गावातल्या अशा घरांसाठी मिळून एकच तिकीट काढता येतं, तेच काढावं.

हे घर प्रामुख्यानं मोठ्या भावाचं, ल्युबेनचं आहे आणि ते योग्यच आहे. ल्युबेन लेखक, पत्रकार, बुखारेस्टमधून क्रांतीचं काम चालवणाऱ्या केंद्रीय समितीचा अध्यक्ष, लेव्स्की आणि बोतेव या क्रांतिकारकांचा सहकारी. तो ज्या यंत्रावर वर्तमानपत्रं छापायचा ते छपाईयंत्र तिथे आहे, आणि त्याच्यासमोर उभं राहिलं की न सांगता बरंच कळतं. क्रांतिकारकाच्या मागे अशा वस्तू राहतात. ज्यानं आयुष्यभर अंदाजपत्रकं मांडली, कायद्यांच्या कलमांवर भांडण केलं, त्याच्या मागे काय राहणार? तो दाखवायला सांगणारं माणूसच लागतं. कारावेलोव बघायचा असेल तर पुस्तिका हातात घेऊन एकट्यानं फिरू नका, असं मी आग्रहानं सांगेन.

बाईंनी अंगणातल्या बाकावर आम्हाला बसवलं आणि दोन भावांची गोष्ट एकत्र सांगितली. ल्युबेन वारला १८७९ च्या जानेवारीत. तर्नोवोची सभा भरली त्यानंतर काही आठवड्यांतच. ज्या स्वातंत्र्यासाठी थोरल्यानं लेखणी झिजवली, त्याची घटना लिहिताना तो नव्हता. धाकटा होता. हे सांगताना बाईंचा आवाज जड झाला आणि त्यांनी तो लपवलाही नाही. मला ते आवडलं.

इथे सहल चालवणाऱ्या कंपनीबद्दलची पहिली तक्रार. त्यांनी हातात दिलेल्या छापील पत्रकात पेत्कोला दीड ओळ आहे, ‘ल्युबेनचा भाऊ, राजकारणी’. संकेतस्थळावरही त्याचं नाव नाही. इतकी उत्तम जाणकार व्यक्ती सोबत देता आणि जाहिरात करता ती भेटवस्तूंच्या दुकानाची! त्या दुकानात आम्हाला पाऊण तास थांबवलं. गुलाबाचं तेल, गुलाबाचा साबण, गुलाबाचा मुरंबा. ज्यांना घ्यायचं ते दहा मिनिटांत घेतात.

जेवण मात्र छान झालं. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं. शॉप्स्का सॅलड, पांढऱ्या घेवड्याचं मसालेदार सूप, चीज घातलेली खुसखुशीत बानित्सा आणि तारातोर. तारातोर म्हणजे दही, काकडी, लसूण, शेपू आणि अक्रोड यांचं गार सूप. आपली काकडीची कोशिंबीर ताकात सैल केली तर जवळपास तशी लागेल. सौ.नं दुसऱ्यांदा मागून घेतलं. घेवड्याच्या सूपमध्ये कधी कधी मांस असतं, तेवढं मागवण्याआधी विचारावं.

परतीच्या वाटेवर माझ्या आवडीचा भाग आला. १८८० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर नाण्यांचा कायदा झाला आणि लेव्ह हे राष्ट्रीय चलन ठरलं. तेव्हा पंतप्रधान द्रागान त्सान्कोव, अर्थमंत्री कारावेलोव. त्याआधी बाजारात रशियन रूबल, उस्मानी नाणी आणि आणखी कुठली कुठली नाणी शेजारी शेजारी चालत. खातं लिहिणाऱ्याचे काय हाल होत असतील, ते बँकेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही. वर्षअखेरीला तो स्वतः पंतप्रधान झाला. आणि १८८१ च्या वसंतात राजा अलेक्झांडर बाटेनबर्गनं सरकार बरखास्त केलं, घटना गुंडाळली आणि सात वर्षांसाठी सगळे अधिकार स्वतःकडे मागून घेतले.

कारावेलोव प्लोवदिवला निघून गेला. ते शहर तेव्हा पूर्व रुमेलिया या वेगळ्या प्रांतात होतं. काल देश चालवणाऱ्या माणसानं तिथे शाळेत शिकवलं, पुढे शहराचा महापौरही झाला. १८८३ मध्ये राजाला घटना परत आणावी लागली आणि १८८४ मध्ये निवडणूक जिंकून कारावेलोव पुन्हा पंतप्रधान झाला. या खेपेला त्याच्या सरकारनं दोन मोठी कामं केली. रेल्वे सरकारच्याच मालकीची राहील असा कायदा केला, आणि १८८५ च्या कायद्यानं बल्गेरियन राष्ट्रीय बँकेची फेररचना करून तिला नोटा छापण्याचा अधिकार दिला. भांडवल एक कोटी लेव्ह. पहिल्या नोटा वीस आणि पन्नास लेव्हच्या, सोन्याच्या हमीवरच्या, त्याच वर्षी निघाल्या. बँक १८७९ पासूनच होती, पण तिला मध्यवर्ती बँकेचं बळ आलं ते या कायद्यानं. मी बाईंना भांडवल, सोन्याचा साठा, कर्ज यांवर प्रश्न विचारत राहिलो. जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं आणि जे नव्हतं ते वहीत टिपून घेतलं. दोन दिवसांनी त्यांची मेल आली, सगळ्या उत्तरांसह. पैसे भरून घेतलेल्या सेवेत इतकी आस्था मला फार कमी ठिकाणी मिळाली आहे.

त्याच १८८५ च्या सप्टेंबरात प्लोवदिवमध्ये उठाव होऊन पूर्व रुमेलिया बल्गेरियाला जोडली गेली. ६ सप्टेंबरला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते. रशिया नाराज झाला, आपले अधिकारी काढून घेतले. नोव्हेंबरात सर्बियानं हल्ला केला आणि स्लिव्हनित्साला बल्गेरियन सैन्य जिंकलं. या सगळ्या काळात पंतप्रधान कारावेलोव. पण पुढच्याच ऑगस्टमध्ये रशियाच्या बाजूच्या लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला पदच्युत केलं. तो परतला, पण टिकला नाही. जाताना त्यानं तीन जणांकडे राज्य सोपवलं: स्तांबोलोव, मुत्कुरोव आणि कारावेलोव.

सोफियात शिरताना बाईंनी मला ती नोट बाहेर काढायला सांगितली.

स्तांबोलोव आणि कारावेलोव एकेकाळी एकाच उदारमतवादी छावणीतले. आता कारावेलोव म्हणत होता रशियाशी जुळवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, स्तांबोलोव म्हणत होता रशियापुढे मान तुकवायची नाही. कारावेलोव काही महिन्यांत त्या मंडळातून बाहेर पडला. १८८७ मध्ये लष्करी बंडाळीनंतर त्याला पकडलं आणि कोठडीत मारहाण झाली. पुढे स्तांबोलोव पंतप्रधान झाला. मार्च १८९१ मध्ये त्याच्यासोबत चालणारा अर्थमंत्री बेल्चेव गोळीला बळी पडला. गोळी स्तांबोलोवसाठी होती. धरपकड झाली, तीत कारावेलोव पुन्हा आत, आणि पुढच्या वर्षी पाच वर्षांची शिक्षा. स्तांबोलोवची सत्ता गेल्यावर १८९४ मध्ये सुटला. स्तांबोलोवचा अंत तर फारच भयंकर. १८९५ च्या जुलैत राकोव्स्की रस्त्यावर मारेकऱ्यांनी त्याच्यावर तलवारीचे वार केले आणि तीन दिवसांनी तो गेला. त्या जागेजवळच्या बागेत त्याचं मोठं शिल्प आहे, दुभंगलेलं मस्तक. बाईंनी तिथे गाडी थांबवून आम्हाला उतरवलं. स्तांबोलोवबद्दल एकही हलका शब्द त्यांनी वापरला नाही. रेल्वे, शेती, व्यापार यांत त्यानं देशाला पुढे नेलं हे त्यांनी आधी सांगितलं, तुरुंगाचं नंतर. माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. वीसच्या नोटेवर स्तांबोलोव असायला हरकत नाही, पण शेवटच्या मालिकेतल्या एकाही नोटेवर कारावेलोव नसणं हे त्या चलनाच्या जन्माशी बेइमानीचं आहे. बाईंनी मान हलवली, तीही होकाराचीच, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण बल्गेरियात होकार-नकाराची मान उलटी हलवतात.

शेवटचा थांबा होता ग्राफ इग्नातिएव रस्त्यावरचं स्वेती सेदमोचिस्लेनित्सी हे चर्च. त्याच्यासाठी मी ही सहल पुन्हा घेईन. ही मूळची सोळाव्या शतकातली मशीद, काळ्या दगडाच्या मिनारामुळे काळी मशीद म्हणून ओळखली जाणारी. स्वातंत्र्यानंतर तिथे शस्त्रं ठेवली, मग तुरुंग केला. कारावेलोव इथेच कैदेत होता. बायको एकातेरिना बाहेरून झगडत होती. ही बाई स्वतः मॉस्कोत शिकलेली, शिक्षिका, अनुवादक. सोफियाच्या तुरुंगातले हाल तिनं परदेशी प्रतिनिधींपर्यंत पोचवले, त्यापायी तिच्यावर खटलाही झाला. पुढे बल्गेरियातल्या स्त्रियांच्या चळवळीत ती आघाडीवर राहिली. त्यांची मुलगी लोरा हिनं कवी पेयो यावोरोवशी लग्न केलं आणि १९१३ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. यावोरोवचं घरही राकोव्स्की रस्त्यावरच, जवळच आहे. ते वेगळं पाहण्याजोगं, पण त्या संध्याकाळी मनाला झेपलं नसतं.

सुटकेनंतर कारावेलोवनं १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष उभा केला. १९०१ मध्ये परत पंतप्रधान झाला. खजिना रिकामा होता आणि फ्रेंच बँकेकडून कर्ज घ्यायचं तर तंबाखूच्या मक्तेदारीचं उत्पन्न तारण द्यावं लागणार होतं. संसदेनं ते फेटाळलं आणि त्यानं राजीनामा दिला. कर्ज विभागातला माणूस म्हणून मी त्या सभासदांच्या बाजूचा आहे. पण संसदेनं नाही म्हटल्यावर दुसरी वाट न शोधता पायउतार होणारा पंतप्रधान मला त्याहून मोठा वाटतो. ज्या सभागृहासाठी तो १८७९ मध्ये भांडला, त्याचाच निकाल त्यानं मानला.

आणि याच सुमाराला, ज्या इमारतीत त्याला कोंडलं होतं तिचं चर्च करण्याच्या कामात तो पुढे होता. १९०१-०२ मध्ये बांधकाम झालं. अभिषेक झाला १९०३ च्या जुलैत. कारावेलोव त्याच वर्षी जानेवारीत वारला. चर्चच्या बागेत त्याची कबर आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाकांवर आजीआजोबा गप्पा मारत होते, पोरं सायकली फिरवत होती, बाहेरून ट्राम जात होती. बाईंनी पिशवीतून फुलं काढली आणि आमच्यातल्या प्रत्येकाच्या हाती एकेक दिलं. सम संख्येनं फुलं मृतांनाच वाहतात, म्हणून त्यांनी आठच आणली होती.

आता पाचवा तारा. या बागेत आम्हाला मिळाली जेमतेम वीस मिनिटं, कारण दुकानात पाऊण तास गेला आणि संध्याकाळी शहरात गाड्यांची गर्दी होती. राष्ट्रीय बँकेची इमारत तर चालत्या गाडीतूनच पाहिली. ती ज्या चौकात आहे त्याला नाव आहे राजा अलेक्झांडर पहिल्याचं, म्हणजे ज्यानं कारावेलोवचं सरकार बरखास्त केलं त्याच बाटेनबर्गचं. एवढी जागा पायी उतरून बघायला हवी होती. कंपनीनं दुकान कार्यक्रमातून काढावं आणि सोफियातले तीन थांबे सकाळी घ्यावेत. तेव्हा रस्ते मोकळे असतात, आणि पुढचा दोन तासांचा प्रवास ते सगळं पचवायला पुरतो.

काही व्यवहारातल्या गोष्टी. कोप्रिव्श्तित्सातले रस्ते गोट्यांचे आणि चढउताराचे आहेत. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, चपला नकोत. बाई थांबून थांबून चालतात, सौ.ला त्रास झाला नाही. लहान मुलांना ही सहल कंटाळवाणी होईल, बोलणं फार आहे. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून शेंगेनमध्ये पूर्ण सामील आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसावर जाता येतं. उरलेल्या लेव्हच्या नोटा राष्ट्रीय बँकेत कधीही, काही न कापता बदलून मिळतात, हेही बाईंनीच सांगितलं. आम्ही ती वीसची नोट बदलली नाही.

नोंदणी करताना दोन गोष्टी लेखी मागा: मार्गदर्शक म्हणून इतिहासाच्या शिक्षिकाच हव्यात, आणि दुकानाचा थांबा नको. चार-पाच जणांचा गट असेल तर क्रमही बदलून देतात, असं बाई म्हणाल्या. तसा बदलून मिळाला तर बागेसाठी निदान एक तास राखून ठेवा.